जुन्या जीपचा नवा रेडिएटर आणि ‘तीच गाडी’ हा प्रश्न

एखाद्या वस्तूचे भाग एकेक करून बदलत गेले तर ती वस्तू तीच राहते का, हा भारतीय दर्शनांतला फार जुना आणि आजही न मिटलेला वाद आहे. परभणी जिल्ह्यात वालूर, सेलू, जिंतूर या पट्ट्यात तो एखाद्या गॅरेजसमोरही उभा राहू शकतो. कधी काळी काळी-पिवळी म्हणून धावलेली डिझेल जीप घरच्या कामाला राहिलेली असते. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांच्या वर गेला की भरल्या गाडीचा काटा लाल रेघेकडे सरकतो आणि मालक कूलिंगचे काम काढतो. रेडिएटर नवा, वॉटर पंप नवा, पंखा नवा. दसऱ्याला जिच्या जाळीवर झेंडूचा हार चढतो, ती मग वडिलांनी घेतलेलीच जीप असते का?

उत्तराआधी यंत्र समजून घेणे भाग आहे. डिझेल जाळून मिळणाऱ्या उष्णतेचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, तेवढाच धुराबरोबर जातो आणि उरलेला इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्याला उचलावा लागतो. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले की रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार धरतात आणि उष्णता बाहेर पडेनाशी होते. पुढच्या पात्यांत कापसाचे तंतू, किडे, हारातल्या सुकलेल्या पाकळ्या अडकतात, म्हणजे वाराही बंद. सुधारणेत पितळी-तांब्याच्या जुन्या रेडिएटरमध्ये जास्त नळ्यांचा कोअर बसवतात किंवा ॲल्युमिनियमचा रेडिएटरच घालतात. साध्या पाण्याऐवजी कूलंट येते. जास्त दाबाचे झाकण लावले की पाणी १०० अंशांना उकळत नाही, पण तोच दाब जुन्या होज पाईपांवर आणि डागलेल्या सांध्यांवर येतो. झाकण बदलायचे तर पाईप आणि सांधेही तपासावे लागतात. एक भाग बदलला की शेजारचा भाग पूर्वीसारखा राहत नाही, आणि ही गोष्ट पुढच्या वादात महत्त्वाची ठरते.

भारतीय परंपरेत वाहनाचे दोन दाखले समोरासमोर उभे आहेत. कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी सारथी, इंद्रिये घोडे आणि आत्मा रथात बसलेला स्वामी आहे. तिथे रथाचे काय बदलले याला फारसे महत्त्व नाही, कारण बसणारा तोच असतो. ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, की दांडी म्हणजे रथ. प्रत्येक प्रश्नाला राजा ‘नाही’ म्हणतो. सगळे भाग मिळून चालणाऱ्या व्यवहाराला दिलेले नाव म्हणजे रथ, त्याआड वेगळी वस्तू नाही, असा नागसेनाचा निर्वाळा आहे. हा मिलिंद म्हणजे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला मिनँडर. जीपच्या बाबतीत कठोपनिषदाचा दाखला अपुरा पडतो. मालक गाडी विकतो, बसणारा बदलतो, तरी गाव म्हणते, ‘ती पाटलाची जुनी जीप’.

नागसेनाचे म्हणणे नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, मान्य नाही. भागांहून निराळा ‘अवयवी’, म्हणजे अखंड वस्तू, खरोखर असते, असा त्यांचा आग्रह आहे. न्यायसूत्रांत त्यासाठी धरण्याचा आणि ओढण्याचा दाखला येतो. एक टोक धरून ओढले की अख्खी वस्तू येते, नुसत्या ढिगाचे तसे होत नाही. बंद पडलेली जीप पुढच्या हुकाला दोर बांधून ओढून नेणाऱ्याला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागणार नाही. पण याच परंपरेत वैशेषिक एक कठोर निष्कर्ष काढतात. अवयवांचा संयोग मोडला की जुना अवयवी नाश पावतो आणि उरलेल्यांतून नवा जन्मतो. मग ‘तीच ही’ ही ओळख केवळ साम्यामुळे होते. या हिशेबाने रेडिएटर तर सोडाच, होज पाईप बदलला तरी जीप दुसरी झाली. तर्क निर्दोष असेलही, पण तो जगण्याच्या व्यवहारापासून फार दूर जातो.

सातव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मकीर्ती इथे जास्त उपयोगी पडतो. जे काही कार्य घडवते तेच खरे, ही त्याची कसोटी आहे. तिचे मोल थर्मोस्टॅट वॉल्व्हपाशी कळते. गाडी गरम होते म्हटले की अनेक मिस्त्री तो वॉल्व्ह काढूनच टाकतात, कारण तो पाण्याची वाट अडवतो असे दिसते. प्रत्यक्षात पाणी सुमारे ८० अंशांपर्यंत तापेपर्यंत वाट बंद ठेवणे हेच त्याचे काम. तो नसला तर इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त पिते आणि सिलिंडर झिजतात. याउलट कोअर नवा घातला आणि वॉल्व्ह जागेवर ठेवला तर धातू बदलूनही कार्य टिकते. भाग सगळे जुने आणि कार्य बिघडलेले, यापेक्षा भाग नवे आणि कार्य तेच, ही स्थिती ‘तीच गाडी’ म्हणण्याला अधिक लायक आहे. अर्थात धर्मकीर्ती स्वतः क्षणिकवादी होता. त्याच्या मते टिकते ती वस्तू नव्हे, एका क्षणातून दुसरा क्षण जन्माला येण्याचा अखंड प्रवाह टिकतो. जैनांचे तत्त्वार्थसूत्र उत्पाद (उपजणे), व्यय (नाहीसे होणे) आणि ध्रौव्य (टिकून राहणे) ही तिन्ही एकाच वस्तूत मानते. दुरुस्तीचे वर्णन म्हणून ते सर्वांत जवळचे वाटते.

वालूरलाच याचा दगडी दाखला आहे. गावची चक्राकार बारव प्रसिद्ध आहे. तिच्या पायऱ्या वळसा घेत पाण्यापर्यंत उतरतात. गाळाने भरलेली ही बारव अलीकडे गावकऱ्यांनी पुन्हा मोकळी केली. गाळ गेला, पाणी दिसले, आणि कुणीही तिला नवी बारव म्हटले नाही. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाच्या मंदिराचा खालचा भाग जुन्या कोरीव दगडाचा आणि वरचा नंतरच्या बांधकामाचा आहे, तरी भाविकाला ज्योतिर्लिंग एकच. आगमग्रंथांनी जीर्णोद्धाराचा विधीच ठरवून दिला आहे. मूर्तीतली शक्ती मंत्रांनी कलशातल्या पाण्यात आवाहन करून ठेवायची, दुरुस्ती उरकायची आणि मग ती शक्ती परत मूर्तीत आणायची. सातत्य आपोआप टिकत नाही, दुरुस्तीच्या काळात ते कुणीतरी सांभाळावे लागते, हे त्या विधीमागचे भान खोल आहे.

काढलेल्या भागांचे काय, हा प्रश्न १६५५ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने ग्रीकांच्या कथेतल्या, फळ्या एकेक करून बदलत गेलेल्या थीसिअसच्या जहाजाबाबत विचारला. बदललेल्या जुन्या फळ्या जमवून कुणी दुसरे जहाज बांधले तर मूळ जहाज कोणते? जीपचा जुना रेडिएटर भंगारात जातो, तांबे वितळते आणि वाद तिथे संपतो. पण रेडिएटर रिकोअर केला तर वरची-खालची पितळी टाकी जुनीच राहते आणि मधला कोअर तेवढा नवा डागला जातो. टाकी शाबूत असेल तर हाच मार्ग धरावा. असा रेडिएटर चौकटीत मूळच्या जागी बसतो, जुन्या पाईपांशी जुळतो आणि पुढच्या वेळी गावचा मिस्त्रीही तो डागू शकतो.

कायद्याने स्वतःपुरते उत्तर दिले आहे. नोंदणी पुस्तकात चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक असतात, रेडिएटरचा उल्लेख नसतो. इंजिन बदलले तर परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते, चेसिस मात्र गाडीची ओळख म्हणून कायम राहते. चेसिसच्या लोखंडात ‘जीपपण’ साठलेले आहे असे कायदाही म्हणत नाही. कर, विमा आणि मालकी यांसाठी कुठेतरी खूण धरावी लागते, म्हणून ती तिथे धरली. नागसेनाला ही व्यवस्था खटकली नसती, कारण व्यवहारातले नाव त्याने कधी नाकारले नव्हते. नैयायिक मात्र तिथेही विचारील की खूण ज्याची आहे, ती वस्तू कोणती.