अहंकारावरचा उतारा

माणूस व्यसनात बुडतो तो ‘मी’ फार फुगल्यामुळे की ‘मी’ कधी नीट उभाच न राहिल्यामुळे, हा प्रश्न वैद्यकाइतकाच धर्मविचाराचाही आहे. बहुतेक धर्मांनी पहिले उत्तर गृहीत धरले. अहंकार हे मूळ, म्हणून शरणागती हा उपाय.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची चळवळ याच गृहीतावर उभी राहिली. शेअर बाजारात काम करणारा बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक बॉब स्मिथ या तिच्या संस्थापकांची भेट १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन येथे झाली. चळवळीच्या बारा पायऱ्या १९३९ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. पहिल्याच पायरीवर दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करायचे असते. पुढे आपल्याहून मोठ्या शक्तीच्या हाती स्वतःला सोपवायचे. ‘मनात आणलं तर उद्या सोडीन’ म्हणत वर्षे काढणाऱ्या माणसाला ही कबुली खरोखर सोडवते. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांतही या पायऱ्यांचा आधार घेतला जातो.

पण हा मसुदा तयार झाला तो मुख्यतः पुरुषांच्या अनुभवातून, आणि तेही बढाईखोर, कर्तबगार, पडल्यावरही ऐट न सोडणाऱ्या पुरुषांच्या. या सभांमध्ये म्हटली जाणारी प्रसिद्ध प्रार्थना ज्यांच्या नावावर आहे, त्या राइनहोल्ड नीबर यांच्या धर्मशास्त्रातही गर्व हेच पापाचे मुख्य रूप होते. त्यावर धर्मशास्त्राच्या अभ्यासक व्हॅलरी सेव्हिंग यांनी १९६० मध्ये एका निबंधात बोट ठेवले. स्त्रीची चूक बहुधा उलट टोकाला असते, असे त्यांचे म्हणणे होते: दुसऱ्यांच्या गरजांत विखरून जाणे, स्वतःला केंद्रच नसणे. अशा स्त्रीला आणखी नमते घ्यायला सांगणारा उपदेश तिचा आजारच वाढवतो. पिणाऱ्यांच्या भाषेत ‘उतारा’ म्हणजे सकाळी घेतलेली आणखी थोडी दारू, तसाच हा प्रकार.

समाजशास्त्रज्ञ जीन कर्कपॅट्रिक स्वतः दारूच्या व्यसनातून गेल्या होत्या. त्यांनी १९७५ च्या सुमारास ‘विमेन फॉर सोब्रायटी’ ही संस्था सुरू केली आणि कबुलीच्या जागी तेरा विधाने ठेवली. फरक सभेतल्या पहिल्या वाक्यातच कळतो. एकीकडे माणूस नाव सांगून ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो. दुसरीकडे बाई नाव सांगून आपण सक्षम स्त्री असल्याचे म्हणते. घरात ‘बाई असून पिते’ हे रोज ऐकणाऱ्या स्त्रीला मान खाली घालायला वेगळे शिकवावे लागत नाही.

नैराश्याचे चित्रही या भेदाशी जुळते. स्त्रियांत नैराश्याचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळते, तर दारूचे व्यसन पुरुषांत कितीतरी जास्त. दोन्ही एकत्र असतील तेव्हा स्त्रियांत नैराश्य बरेचदा आधी येते आणि प्यायला सुरुवात नंतर होते. पुरुषांत बहुधा उलटा क्रम दिसतो. दारू स्वतःही मन खचवते, त्यामुळे ती सुटल्यावर काही आठवड्यांत कित्येकांची उदासी ओसरते. जी ओसरत नाही, तिथे खरा प्रश्न सुरू होतो.

मात्र पुरुष म्हणजे गर्व आणि स्त्री म्हणजे न्यूनगंड, ही वाटणी फार सोयीची आहे. बढाईच्या तळाशी पुष्कळदा स्वतःबद्दलची किळस असते. खुद्द विल्सनला दारू सोडल्यानंतर, १९४० च्या दशकात, नैराश्याने वर्षानुवर्षे ग्रासले होते. पायऱ्या लिहिणाऱ्याला त्या पुरल्या नाहीत. पुढे त्याने याचे कारण शोधले ते इतरांच्या मान्यतेवर टेकून राहण्याच्या सवयीत. सेव्हिंग यांनी स्त्रियांबाबत सांगितलेली खोट ती हीच.

भक्तिपरंपरेत शरणागतीचे दुसरेही रूप आहे. विठ्ठल जनाबाईसोबत जात्यावर बसतो, तिच्या गोवऱ्या उचलतो, अशा कथा वारकरी सांगतात. दासी म्हणून आधीच तळाशी असलेल्या जनीला तिथे आणखी वाकावे लागत नाही. खाली बसतो तो देव, आणि जात्याचा खुंटा दोघांच्या हातात असतो.