विसरलेला होकार

आमचे धाकटे मामू शिंपी होते. गिऱ्हाईक समोर उभे राहिले की छाती, कंबर, खांदा, बाही अशी सगळी मापे एका दमात घ्यायची आणि मगच वहीत उतरवायची, ही त्यांची पद्धत. मधल्या वेळात ते गिऱ्हाइकाच्या मुलाबाळांची चौकशीही करीत. आकडा कधी चुकला नाही. तिशीच्या आत त्यांना स्किझोफ्रेनिया झाला. कानात आवाज येऊ लागले, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे वाटू लागले. आधी दर्गे झाले, ताविज झाले, मग दवाखाना झाला. औषधांनी आवाज बरेच शमले. आम्हाला वाटले, माणूस परत आला. पण दुकानात बसल्यावर टेपवरचा आकडा वहीपर्यंत पोचेना. खांद्याचे माप घ्यावे, पेन्सिल उचलावी, तोवर ते डोक्यातून गेलेले असे. मोहल्ल्यात लोक म्हणू लागले, आता बरा झालाय, पण कामाची नीयत नाही. खरे सांगायचे तर आम्हीही तेच म्हणत होतो.

हा आळस नव्हे, आजाराचाच भाग आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्यात केवळ आमच्या अडाणीपणाचा दोष नाही. १९०८ साली ज्यांनी या आजाराला स्किझोफ्रेनिया हे नाव दिले, त्या ऑयगेन ब्लॉयलर यांचेही मत असेच होते की, या आजारात स्मरणशक्ती मुळात शाबूत राहते. पुढे अनेक दशके डॉक्टरांचे लक्ष भास आणि भ्रम यांच्याकडेच राहिले. १९९२ साली सोही पार्क आणि फिलिप होल्झमन या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एक ठिपका क्षणभर दाखवायचा, मग तो नाहीसा करायचा, काही सेकंद थांबायचे आणि विचारायचे, ठिपका कुठे होता? ठिपका समोर दिसत असेपर्यंत रुग्णांना काही अडचण येत नव्हती. तो नाहीसा झाल्यावर मात्र त्याची जागा मनात धरून ठेवणे त्यांना इतरांपेक्षा जड जात होते. हा मामूंचा टेप आणि वही यांच्यामधला क्षणच होता. शास्त्रज्ञ याला कार्यकारी स्मृती म्हणतात. येल विद्यापीठाच्या पॅट्रिशिया गोल्डमन-राकिक यांनी माकडांवरील अभ्यासात दाखवले होते की, दिसेनाशी झालेली गोष्ट मनात धरून ठेवताना कपाळामागच्या भागातल्या काही पेशी सतत जागत्या राहतात.

याच भागातला रक्तप्रवाह रुग्णांमध्ये कमी असतो, असे स्वीडनमध्ये इंगवार आणि फ्रान्झेन यांना १९७४ साली आढळले होते. पुढे एमआरआय यंत्रावर रक्तातील प्राणवायूच्या फरकावरून मेंदूचे काम टिपण्याची सोय झाली, तेव्हा चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. रुग्ण जेव्हा इतरांइतकीच बरोबर उत्तरे देतात, तेव्हा काही अभ्यासांत त्यांच्या मेंदूचा तोच भाग उलट जास्त राबताना दिसला. म्हणजे जे ओझे आपण सहज उचलतो, तेच उचलायला त्यांना अधिक शक्ती खर्चावी लागते. ज्यांच्या नीयतीवर आम्ही बोट ठेवले, ते मामू कदाचित आमच्यापेक्षा जास्त कष्ट करीत होते. एका शब्दाने माणूस किती वर्षे बदनाम होतो! त्या बदनामीतून त्याला सोडवणारे संशोधन आम्हाला म्हणूनच मोलाचे वाटते.

पण नेमका इथेच एक प्रश्न उभा राहतो आणि तो आम्हाला आजही सोडत नाही. अशा संशोधनासाठी माणसाची संमती लागते. नाझी जर्मनीत हजारो मनोरुग्ण मारले गेले, कैद्यांवर प्रयोग झाले. त्या डॉक्टरांवरील खटल्यातून १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता आली. तिचे पहिलेच तत्त्व असे की, ज्याच्यावर प्रयोग करायचा, त्याची स्वतःची राजीखुशीची संमती हवी. आता संमती देण्यासाठी काय लागते? सांगितलेले ऐकायचे, मनात धरायचे, फायदा-तोटा ताडून पाहायचा आणि निर्णय लक्षात ठेवायचा. जी शक्ती अधू झाली आहे म्हणून अभ्यास करायचा, तीच शक्ती संमतीसाठी हवी! मग विसरलेला होकार हा होकार असतो का?

हा प्रश्न आमच्या घरात २००८ साली आला. मामू जिथे उपचार घेत, तिथे अशा एका अभ्यासासाठी त्यांना विचारण्यात आले. कागद वाचून दाखवला गेला, मामूंनी मान डोलावली, सही केली. आठवड्याने यंत्राच्या खोलीबाहेर ते अडून बसले. म्हणाले, “मेरेकू किसने पूछा?” बडे मामूंनी कागद पुढे केला, “ही सही तुझीच ना?” मामूंनी बराच वेळ कागद न्याहाळला आणि म्हणाले, “सही माझी आहे. होकार माझा आहे का, ते आठवत नाही.”

आम्ही ओशाळलो, चिडलोही. दिवसाची मजुरी बुडवून आलो होतो. पण तिथली संशोधक मुलगी घाईत नव्हती. तिने खुर्ची ओढली आणि तोच कागद पुन्हा वाचला, या वेळी दोन-दोन वाक्ये. प्रत्येक वेळी ती म्हणे, “चाचा, आता तुम्ही मला सांगा.” मामूंनी दोन प्रश्न विचारले. याने माझे आवाज थांबतील का? नाही, हा इलाज नाही, ती म्हणाली. मध्येच बाहेर येता येईल का? हो, हातात रबरी फुगा असेल, तो दाबा. मामू आत गेले. थोड्या वेळाने त्यांनी फुगा दाबला आणि बाहेर आले. कोणी काही बोलले नाही. आम्हाला मात्र पहिल्याच प्रश्नाने हलवले. हा इलाजच आहे, असे आम्ही धरून चाललो होतो.

त्या मुलीने केले ते नुसते सौजन्य नव्हते. २००० साली विल्यम कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधनाची माहिती समजून घेण्यात स्किझोफ्रेनियाचे रुग्ण सुरुवातीला मागे होते आणि त्याचा संबंध भास-भ्रमांपेक्षा स्मृती व आकलनाच्या अडचणींशी अधिक होता. पण ज्यांना तीच माहिती पुन्हा नीट शिकवली गेली, ते निरोगी लोकांच्या बरोबरीला आले. म्हणजे कमतरता जितकी ऐकणाऱ्यात असते, तितकीच ती एकदा सांगून मोकळे होणाऱ्यातही असते.

आपल्याकडे फिकहमध्ये वेड लागलेल्या माणसावर नमाज-रोजा फर्ज नाही, त्याच्या व्यवहाराची जबाबदारी वलीवर असते. ही सूट दयेपोटी दिलेली आहे. पण आपण समाज म्हणून तिचा अर्थ सोयीने लावला. जबाबदारीतून सूट मिळाली म्हणजे त्याचे म्हणणेही उरले नाही, असे आपण धरले. तमिळनाडूतील एरवाडी या दर्ग्याच्या गावी ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी मनोरुग्ण निवासाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ जण मरण पावले. त्यांना तिथे ठेवणाऱ्या घरच्यांपैकी बहुतेकांनी त्यांचे भलेच चिंतले असेल. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणूनच उलट टोकापासून सुरू होतो. आजारी माणसाचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असे म्हणता येणार नाही, असे तो सांगतो.

कोणी म्हणेल, मग इतकी जोखीम हवी कशाला, अशा रुग्णांना संशोधनातून वगळावे. आम्हाला हे पटत नाही. ज्यांची स्मृती सर्वांत अधू, तेच वगळले गेले, तर त्यांचे दुखणे कायमचे अंधारात राहील. आजच्या औषधांनी आवाज शमतात, पण स्मृतीला फारसा आधार मिळत नाही. तो शोधायचा, तर हे अभ्यास हवेतच. आमचे म्हणणे इतकेच की, होकार ही एकदा मिळवून फायलीत ठेवायची वस्तू नव्हे, ती अमानत आहे. ज्याने दिली तो विसरला, तरी ज्याने घेतली त्याने ती विसरायची नसते. विसरणाऱ्याला पुन्हा विचारावे लागते आणि या वेळी तो नाही म्हणाला, तर ते नाहीच खरे मानावे लागते. जुन्या सहीने आजचा नकार खोडता येत नाही.

हे सारे आम्ही दवाखान्याबद्दल मोठ्या तावातावाने बोलत असू. एकदा अम्मी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “आणि मशीन?”

मामूंचे शिलाई मशीन आम्ही २००४ साली विकले. घरात पैशांची नड होती आणि मामू त्यावर बसत नव्हते. त्यांनी नंतर अनेकदा विचारले, मशीन कुठे आहे? दर वेळी आम्ही सांगितले, “तूच तर हो म्हणाला होतास.” ते गप्प बसत. आपल्या आठवणीवर त्यांचा भरवसा उरला नव्हता आणि आमच्यावर होता. अम्मींनी विचारले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी आठवून पाहिले. ते खरेच हो म्हणाले होते का? बडे मामूंना वाटते, म्हणाले होते. आम्हाला नक्की आठवत नाही. आमच्या स्मृतीला तर कोणताही आजार नाही.

मामूंचा इंतकाल २०१९ साली झाला. परक्या मुलीने त्यांना जितक्या वेळा पुन्हा विचारले, तितक्या वेळा आम्ही घरात कधी विचारले नाही. त्यांचे मापांचे पुस्तक अम्मींकडे आहे. शेवटच्या पानांवर गिऱ्हाइकांची नावे आहेत आणि नावांपुढे आकड्यांची जागा रिकामी आहे.