शाळेचे देणे

भिवंडीच्या निजामपुऱ्यात, जेथे यंत्रमागांचा खडखडाट बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांनी अहोरात्र चालतो आणि सुताची पांढरी धूळ खिडक्यांच्या गजांवर येऊन बसते, तेथील पालकांनी आपल्या मुलांच्या शाळेसाठी महापालिकेकडे निधी मागावा, यात धर्माचा किंवा तत्त्वज्ञानाचा काही प्रश्न गुंतला आहे असे वरवर पाहता कोणास वाटणार नाही. अशा अर्जाचा नमुना परिचयाचा असतो. छप्पर गळते, शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, सबब तजवीज व्हावी, एवढाच मजकूर. खाली काही सह्या उर्दूत, काही मराठीत, काही तेलुगूत आणि त्यांच्या मधूनमधून निळ्या शाईचे अंगठे. वर आवक विभागाचा गोल शिक्का. परंतु असा अर्जदार हात जोडून जे मागतो ती मेहेरबानी आहे की त्याचे हक्काचे येणे आहे, याचा निर्णय झाल्याखेरीज त्या कागदाचे खरे मोल ठरत नाही. आणि हा निर्णय केवळ कायद्याच्या पुस्तकातून होणारा नव्हे.

आपल्या मीमांसकांनी कर्माचे जे भेद केले, त्यांतील नित्य आणि काम्य हा भेद येथे फार उपयोगी पडतो. काम्य कर्म फलाच्या इच्छेने करावयाचे. ज्याला फल नको त्याने ते केले नाही तरी त्याला दोष लागत नाही. नित्य कर्माची गोष्ट निराळी आहे. ते केल्याने विशेष पुण्य पदरी पडते असे नाही; पण न केल्यास मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष, घडतो. माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो आणि त्यांतील ऋषिऋण अध्ययनानेच फिटते, असे जे वैदिक परंपरेने सांगितले, तेही याच वर्गात बसते. विद्या पुढच्या पिढीच्या हाती देणे हे औदार्य नसून परतफेड आहे. त्या परंपरेने पुढे हीच विद्या बहुसंख्यांना नाकारली, हा तिच्या इतिहासातील सर्वांत मोठा प्रत्यवाय होय, आणि तो मान्य केल्यावाचून ऋणाची भाषा वापरण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

निजामपुऱ्यातील बहुसंख्य रहिवासी ज्या धर्माचे आहेत, त्या इस्लाममध्येही हाच विवेक अधिक सामाजिक स्वरूपात आढळतो. फर्ज म्हणजे अनिवार्य कर्तव्य आणि नफ्ल म्हणजे ऐच्छिक सत्कर्म, यांचा भेद तेथे आहेच; शिवाय फर्जाचेही दोन प्रकार मानले आहेत. एक प्रत्येकाने स्वतः पार पाडावयाचा, आणि दुसरा, ज्याला फर्ज-ए-किफाया म्हणतात तो, साऱ्या समाजावर मिळून पडलेला; काहींनी तो पार पाडला तर सारे मोकळे, कोणीच पार पाडला नाही तर सारे गुन्हेगार. जनाज्याची नमाज हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पण इमाम गझालींनी आपल्या 'इह्या'मध्ये वैद्यक आणि गणित ही शास्त्रे या प्रकारात घातली आणि शेतीबरोबर विणकामालाही तेथेच स्थान दिले, ही गोष्ट विणकरांच्या या नगरीने अभिमानाने सांगावी अशी आहे. पैगंबरांच्या काळातील बदरच्या लढाईनंतर, ज्या कैद्यांना खंडणी देण्याची ऐपत नव्हती पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतील दहा-दहा मुलांना लिहावयास शिकवून आपली सुटका करून घ्यावी, असे ठरल्याचे चरित्रग्रंथ सांगतात. सार्वजनिक खजिन्यात येऊ शकणारी रक्कम सोडून देऊन तिच्या बदल्यात मुलांचे शिक्षण घेणे, याला शिक्षणावरील सरकारी खर्च म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

महात्मा फुले यांनी 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा सर्व खर्च नगरपालिकांनी सोसावा, मात्र त्यांचा कारभार सर्वस्वी नगरपालिकांच्या हाती सोपवू नये, असे स्पष्ट म्हटले होते. पैसा देण्याचे कर्तव्य आणि हुकूम चालविण्याचा अधिकार यांची अशी फारकत करणारी दूरदृष्टी मला आजही थक्क करते. 1912 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळाने फेटाळले. 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात तेच तत्त्व अंमलात आणावयास घेतले. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने 1918 मध्ये मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना तसा अधिकार मिळाला. आजचा महानगरपालिका अधिनियम तर आवश्यक आणि ऐच्छिक अशी कर्तव्यांची दोन कलमेच करतो, आणि प्राथमिक शाळा चालविणे त्यांतील पहिल्या कलमात, 63व्यात, येते. म्हणजे मीमांसक, फकीह (इस्लामी धर्मशास्त्री) आणि विधिमंडळ हे तिघेही एकाच निर्णयाला येऊन पोहोचले आहेत: शाळेचा खर्च हे नित्य कर्म आहे. तो केल्याबद्दल कोणाचा सत्कार नको. न केल्याबद्दल जाब मात्र हवा.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो सद्भावनेने घेतला जातो म्हणून त्याचा विचार अगत्याचा आहे. भिवंडीच्या समाजाने स्वतःच्या बळावर शाळा उभारल्या. कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीचे रईस हायस्कूल सर्वांना ठाऊक आहे. मग समाजाने आपली झोळी आपणच भरावी, सरकारदारी का जावे? या स्वावलंबनाविषयी मला नितांत आदर आहे. परंतु दानाला एक मर्यादा असते. दाता कोणाला द्यावयाचे ते निवडतो, आणि मनात आले की हात आखडता घेतो. मोमिनांनी मोमिनांसाठी, पद्मशाली समाजाने आपल्या मुलांसाठी कितीही केले, तरी उत्तर प्रदेशातून किंवा बिहारातून कालच आलेल्या, ज्याच्यामागे कोणतीही जमात उभी नाही अशा माग-कामगाराच्या मुलाने कोणाच्या दारात जावे? त्याला फक्त महापालिकेची शाळा आहे. 1970 आणि 1984 या वर्षांच्या दंगलींच्या जखमा सोसलेल्या या शहरात, सर्वांनी मिळून भरलेल्या करातून सर्वांच्या मुलांसाठी चालणारी शाळा हा शेजारधर्माचा सर्वांत टिकाऊ आधार आहे, असे मी मानतो.

दुसरा आक्षेप खजिना रिकामा असल्याचा. जकातीचे उत्पन्न गेल्यापासून महापालिकांचे हात बांधले गेले आहेत, हे खरे. पण तिजोरी आटली म्हणून ऋणाची मुदत वाढत असेल, ऋण मिटत नाही; आणि घरपट्टी भरण्याची ऐपत असूनही जो ती थकवतो, त्याने शाळेच्या छपराबद्दल तक्रार करावी हेही धर्माला धरून नाही.

निजामपुऱ्यातील पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि त्या समितीने केलेला शाळा विकास आराखडा हाच स्थानिक प्राधिकरणाच्या अनुदानाचा आधार राहील असे 22व्या कलमात लिहिले आहे. विनवणीच्या अर्जाऐवजी तो आराखडा, कलमवार खर्चासह, डिसेंबर अखेरीच्या आत दाखल करा, म्हणजे अंदाजपत्रक बांधताना तो समोर असेल. सोबत घरपट्टीच्या पावत्या जोडा. आणि उर्दू शाळेच्या मागणीवर मराठी व तेलुगू शाळांच्या पालकांच्या, तर त्यांच्या मागणीवर तुमच्या सह्या असू द्या.