बांधापलीकडचे नाव

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळजवळच्या एका वाडीत एक आजी राहत असे. कुपारी समाजातल्या जुन्या बायकांप्रमाणे ती शेवटपर्यंत लाल लुगड्यातच वावरली. शाळेची पायरी तिने कधी चढली नाही, पण प्रार्थना सगळ्या तोंडपाठ. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. अर्थ कळत नसला तरी ऐकून ऐकून तिने मिस्सेतली उत्तरे पाठ केली होती. पुढे १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, वेदीवर मराठी आली आणि आजीने सगळे पुन्हा पहिल्यापासून पाठ केले. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोझरीत प्रकाशाच्या पाच रहस्यांची भर घातली तेव्हा ती सत्तरी ओलांडून गेली होती. गुरुवारी म्हणायची ती नवी रहस्ये तिने नातीकडून वदवून घेतली आणि तीही मुखोद्गत केली.

तिची भक्ती तिच्या कामात मिसळून गेली होती. पहाटे ओट्यावर बसून ती लाल माठाच्या जुड्या बांधायची. केळीचे सोपट भिजवून घ्यायचे, माठाच्या काड्या सारख्या करायच्या, सोपटाचा वेढा द्यायचा, पीळ मारायचा आणि तेवढ्यात एक 'नमो मरिये' म्हणून व्हायचे. दहा जुड्या झाल्या की त्यांचा एक गठ्ठा. पाच गठ्ठे झाले की सकाळची माळ पुरी. मग पाटी डोक्यावर घेऊन ती मुंबईची लोकल गाठायला निघे.

एकदा भाजी महागली तेव्हा सून म्हणाली, "आई, प्रत्येक जुडीत दोन-दोन काड्या कमी घाला. कोणाच्या लक्षात यायचंय?"

आजी म्हणाली, "मरियेचं नाव घेऊन बांधते गं मी. तिच्या नावाच्या जुडीत चोरी कशी करू?"

कार्तिकात निर्मळची जत्रा भरली की ती सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, विकायला बसे. शंकराचार्यांच्या समाधीला आलेली माणसे तिची ठरलेली गिऱ्हाइके. ती दर वर्षी तिलाच शोधत येत, कारण तिच्याकडे वरची सुकेळी आणि तळातली सुकेळी एकाच प्रतीची असत.

रात्री सगळे घर रोझरीला बसे. नातवंडांना रोझरीपेक्षा त्यानंतरच्या नावांच्या यादीचे भय. माळ संपली की आजी एकेकाच्या नावाने प्रार्थना सांगायची. आधी घरातले मेलेले, मग गावातले आजारी, मग परगावी गेलेली मुले, बाळंतीण होणाऱ्या लेकीसुना. मुले पेंगू लागत. आणि सगळ्यांत शेवटी, दर रात्री न चुकता, एक नाव यायचे. ते शेजाऱ्याचे होते.

या शेजाऱ्याशी घराचे हाडवैर होते. दोन वाड्यांमधला बांध तो दर पावसाळ्यात थोडा थोडा इकडे सरकवतो, अशी आजोबांची तक्रार होती. भांडणे झाली, पंच बसले, शेवटी दावा कोर्टात गेला. बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, एका काठावर हे आणि दुसऱ्या काठावर ते. पाणी एकाच बावखलातून घ्यायचे, पण तोंड पाहायचे नाही, अशी वर्षे गेली.

थोरल्या नातवाने एकदा धीर करून विचारले, "आजी, तो आपली जमीन खातो आणि तू त्याच्यासाठी प्रार्थना करतेस?"

"डोंगरावरच्या प्रवचनात येशूनं तेच सांगितलंय. मला सोपं वाटतं म्हणून करत नाही मी. त्याचं नाव घेताना अजून माझी जीभ अडखळते," आजी म्हणाली.

त्या प्रार्थनेचा कस लागायचा होता. दाव्यात आजीची साक्ष निघाली. आदल्या दिवशी वकील घरी आले आणि त्यांनी तिला समजावले, "आजीबाई, बांधाचं सांगाच. पण त्यानं तुमच्या अंगावर कोयता उगारला होता, हेही सांगा. म्हणजे त्याच्यावर फौजदारीही लावता येईल. मग तो आपणहून शरण येतो की नाही बघा."

आजोबांना युक्ती पटली. आजी मात्र म्हणाली, "वकीलसाहेब, त्यानं बांध सरकवला हे मी डोळ्यांनी पाहिलंय, ते कोणापुढंही सांगेन. कोयता त्यानं उगारला नाही. रोज रात्री त्याचं नाव घेऊन देवापुढं बसते मी. खोटं सांगून आले तर रात्री ते नाव कोणत्या तोंडानं घेऊ?"

दुसऱ्या दिवशी तिने कोर्टात पाहिले तेवढेच सांगितले. शेजाऱ्याच्या वकिलाने मुद्दाम विचारले, "त्यांनी तुम्हाला कधी मारहाण केली? धमकी दिली?" आजीने सरळ उत्तर दिले, "नाही." आजोबा चिडले. घरी परतताना ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. दावा रेंगाळला. तारखांवर तारखा पडत गेल्या. त्यातच आजोबा वारले, पुढे तो शेजारीही वारला आणि बांध होता तिथेच राहिला. आजीच्या यादीत शेजाऱ्याचे नाव फक्त जागा बदलून मेलेल्यांमध्ये गेले.

आजी गेली तेव्हा ती नव्वदीला पोहोचली होती. महिन्याच्या मिस्सेला सगळी नातवंडे जमली. तिची आठवण कशी ठेवायची यावर बोलणे निघाले. आखातातला नातू म्हणाला, कबरीवर संगमरवरी क्रूस बसवू. दुसरा म्हणाला, चर्चला तिच्या नावाने बाके देऊ. थोरला म्हणाला, "ते सगळं करूच. पण आता जमिनीला सोन्याचा भाव आलाय. आजोबांचा दावा जोरात चालवून आपला तुकडा परत मिळवू. तेच खरं स्मारक."

तेवढ्यात रोझरीची वेळ झाली. माळ संपली. नात आजीच्या जागी बसली होती, तिने यादी सुरू केली. घरातले मेलेले झाले. शेजाऱ्याच्या नावापाशी ती थांबली आणि तिने थोरल्याकडे पाहिले. लहानपणी रोज रात्री ऐकलेले ते नाव त्याला पाठ होते. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी त्यानेच ते घेतले.

सकाळी तो बांध ओलांडून शेजाऱ्याच्या मुलाकडे गेला. तो मुलगा म्हणाला, "तुझ्या आजीची आमच्या घरात आठवण निघायची. बाबा म्हणायचे, त्या बाईनं खोटं एक वाक्य सांगितलं असतं तर मी तुरुंगात गेलो असतो. पण बांधाचं बोलायला ते कधी आले नाहीत. शरम वाटायची त्यांना."

दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज केला आणि फी निम्मी निम्मी भरली. भूकरमापक आला, साखळी पडली, हद्दीचे दगड रोवले गेले. बांध सरकला होता हे खरे निघाले, पण आजोबा सांगत त्याच्या जेमतेम निम्मा. उरलेला निम्मा रागाने वाढवला होता. शेजाऱ्याच्या मुलाने बांध मागे घेतला आणि या घराने दावा मागे घेतला.

आजीने आपला हक्क कधी सोडला नव्हता. बांध सरकला, हे तिने भर कोर्टात सांगितले होते. पण ज्याने अन्याय केला त्याच्याबद्दलही तिने खऱ्यापेक्षा एक शब्द जास्त बोलायचे नाकारले, आणि एवढे बळ तिला रोज घेतलेल्या त्या एका नावाने दिले. शत्रूसाठी केलेल्या प्रार्थनेने शत्रू बदलेलच असे नाही. आजीचा शेजारी तिच्या हयातीत बांध मागे घ्यायला आला नाही. पण प्रार्थना करणाऱ्याची जीभ खोटे बोलायला धजत नाही, आणि त्या खरेपणाचे फळ पुढच्या पिढीच्या पदरात पडते.

वाडवडिलांच्या नावाने क्रूस उभारा, बाके द्या, मिस्सा अर्पण करा. ते योग्यच आहे. पण त्यांच्या प्रार्थनेत सगळ्यांत अवघड नाव कोणाचे होते ते आधी आठवा आणि आज रात्री ते स्वतः घेऊन पाहा.