वतनाविना वाणी

पश्चिम आफ्रिकेतील मांदे समाजात गाणे हे बहुतांशी वतन आहे. मालीतील जेली कुळांकडे राजांच्या वंशावळी, युद्धांच्या स्मृती आणि स्तुतिगायन यांचा वारसा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असून, उच्चकुलीनांनी गायनाचा व्यवसाय पत्करणे अप्रतिष्ठेचे मानले जाई. राजवंशात जन्मलेले गायक सालिफ केईता यांना या समजुतीचा जाच सोसावा लागला. दक्षिणेकडील वासुलू प्रांताचा दस्तूर मात्र निराळा. तेथे ज्याच्या गळ्यात देणगी असेल तो गातो, आणि लोक त्याला ‘कोनो’, म्हणजे पक्षी, म्हणतात. शिकाऱ्यांच्या पवित्र तंतुवाद्यावरून तेथील तरुणांनी स्वतःचे कामाले न्गोनी हे वाद्य घडविले, तेव्हा वडीलधारे रुष्ट झालेच.

उमू सांगारे यांचे मूळ याच प्रांतातले. १९६८ साली बामाको येथे जन्मलेल्या या गायिकेच्या वडिलांनी दुसरी पत्नी केली आणि मुलगी अगदी लहान असतानाच ते कुटुंब टाकून गेले. आई गायिका होती खरी, परंतु घर चालावे म्हणून या मुलीला रस्त्यावर पाणी विकावे लागले. १९८९ साली आबिजान येथे ध्वनिमुद्रित झालेल्या ‘मुसोलू’ या पहिल्याच कॅसेटच्या अडीच लाखांवर प्रती खपल्या, आणि तेव्हापासून बहुपत्नीत्व, बळजबरीचे विवाह व स्त्रीची कामभावना हे विषय त्यांच्या गाण्यांतून उघडपणे चर्चेस आले.

मला यात मुख्य वाटतो तो अधिकाराचा प्रश्न. सांगारे मुसलमान आहेत. धर्मग्रंथ चार विवाहांची मुभा देतो. मग जिच्याजवळ ना धर्मशास्त्राची सनद ना जेली कुळाचे वतन, अशा स्त्रीने त्या प्रथेविरुद्ध कोणाच्या मुखत्यारीने बोलावे? या आक्षेपाचे उत्तर, माझ्या मते, त्या मुभेतच आहे, कारण कुराणात ती सर्व पत्नींशी समान न्यायाने वागण्याच्या अटीला बांधलेली आहे. आणि न्याय झाला किंवा कसे याचा दाखला, तो करणाऱ्या पतीने स्वतःच लिहून न घेता, ज्या पत्नीच्या आणि मुलांच्या वाट्याला तो यावयाचा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे. टाकलेल्या आईची मुलगी ही येथे पहिली साक्षीदार ठरते.

जेलींची थोरवी मी कमी लेखीत नाही. परंपरेचे संरक्षण असल्यामुळेच त्यांना राजासमोर कटू सत्य बोलता येत असे. परंतु आश्रयदात्याच्या दानावर ज्याची उपजीविका, त्याने दान देण्यास असमर्थ अशा परित्यक्तेची कैफियत कोणासमोर गावी? वासुलूच्या पक्ष्याला आश्रयदाता नाही, म्हणून ही कैफियत तोच गाऊ शकतो.

१९९६ च्या ‘वोरोतान’ या संग्रहाचे नाव वधूमूल्यादाखल दिल्या जाणाऱ्या दहा कोला फळांवरून आले आहे. स्त्री जेथे असे मूल्य देऊन आणली जाते, तेथे समान न्यायाची ती अट दुसरी पत्नी घरात येण्यापूर्वीच ढिली झालेली नसते काय, हा प्रश्न मला बहुपत्नीत्वाच्या वादाहूनही मूलगामी वाटतो.