बालकाच्या प्रश्नास काय उत्तर द्यावे?

काही वर्षांपूर्वी एका उपदेशी वासनिकाच्या निधनानंतर आम्ही त्याच्या घरी गेलो होतो. त्याचा सहा वर्षांचा मुलगा जवळ येऊन बसला व म्हणाला, "बाबा, आमचे अण्णा कुठे गेले?" प्रस्तुत लेखकाने फारसा विचार न करता सांगितले, "देवाने त्यांना आपल्याकडे नेले. तिथे ते शांत झोपले आहेत." पुढे महिनाभर ते बालक रात्री झोपावयास भिऊ लागले आणि देवपूजेच्या वेळी दंडवत घालीना. ज्याने अण्णांना नेले त्याला दंडवत का घालावा, असे त्याने आईस विचारले. त्यात त्याचे काही चुकले नव्हते. चूक आमच्या उत्तराची होती.

ती केवळ व्यवहाराची चूक नव्हे, शास्त्राचीही होती. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न, हे आपल्या मार्गाचे पहिले पाऊल. परमेश्वरास जीवोद्धरणाचे व्यसन; कर्मफळांचा भोग देवतांच्या द्वारे. मग बापाला मुलापासून तोडण्याचे कृत्य आम्ही कोणाच्या माथी मारले?

यावर कोणी म्हणेल, बालकापुढे पदार्थविचार कशाला? गोड असत्याने त्याचे दुःख हलके होत असेल तर होऊ द्यावे. पण ते हलके होत नाही. पाच वर्षांच्या आतील मुलास मरणानंतर परत येणे नाही, ही गोष्ट बहुधा उमगत नाही. आणि त्याहून थोडे मोठे मूलही आपले शब्द अक्षरशः घेते. 'झोपले' म्हटले की ते झोपेला भिते, 'गावाला गेले' म्हटले की दाराकडे डोळे लावून बसते. कित्येकदा आपण हट्ट केला म्हणूनच हे घडले, असेही ते मनात धरते, व कोणास सांगत नाही. याच्या उलट टोकाला जाऊन 'त्यांचा कर्मभोग होता' असे सांगणारेही आहेत. सिद्धांत खरा असेल. पण वेळ न पाहता बोललेला शब्द जीवास पीडाच देतो, व अहिंसा काही केवळ पायाखालच्या मुंगीपुरती नाही.

२०२० व २०२१ च्या महामारीत तर कित्येक घरांतील मुलांना आई-बापांचे अंत्यदर्शनही घडले नाही.

मग सांगावे काय? साधे व खरे: अण्णांचे शरीर थांबले, ते आता परत येणार नाहीत, यात तुझा काही दोष नाही, आणि आम्ही तुझ्याजवळ आहोत. त्यानंतर स्मरण. स्वामींचे उत्तरापंथे गमन हा मृत्यू नव्हे. तरी मागे राहिलेल्यांचा वियोग खराच होता. भटोबासांसह ती मंडळी ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिली, आणि म्हाइंभटांनी ज्याला जे आठवत होते ते विचारून विचारून लीळाचरित्र सिद्ध केले. त्यात स्वामींचे चालणे, जेवणे, रागावणेही आहे. 'विसरा' असे कोणी कोणास म्हटले नाही. आपण मात्र मुलासमोर मृताचे नावही काढीत नाही!

त्या घरी आम्ही पुन्हा गेलो व आपली चूक मुलापाशी कबूल केली. त्याने ऐकून घेतले, बोलला काही नाही. हल्ली रोज सायंकाळी नामस्मरणानंतर तो आईस अण्णांची एक गोष्ट सांगतो. परवाची गोष्ट बैलांना पाणी पाजले नाही म्हणून अण्णांनी त्याला मारल्याची होती. ती सांगताना तो रडला, आणि आईने त्याला रडू दिले.