समतेची बांधणी: क्रिस्टियान्सफेल्डची घरे

डेन्मार्कच्या दक्षिण युटलँडमधील क्रिस्टियान्सफेल्ड हे गाव १७७३ साली वसले. ते आधी कागदावर आखले गेले, मग जमिनीवर उभे राहिले. पूर्व-पश्चिम जाणारे दोन समांतर रस्ते, मधोमध चर्चचा चौक, चौकात विहीर आणि रस्त्यालगत एका रांगेत पिवळ्या विटांची, तांबड्या कौलांची एक-दोन मजली घरे, अशी त्याची रचना आहे. ही घरे बांधणारा मोरेव्हियन बंधुसंघ हा ख्रिस्ती पंथ. सर्व माणसे देवापुढे सारखी आहेत, ही त्याची श्रद्धा. ती श्रद्धा घराच्या दर्शनी भिंतीवर उतरली पाहिजे का, आणि भिंती सारख्या केल्या म्हणून माणसे सारखी होतात का, हा प्रश्न या गावाच्या आखणीतच आहे.

पंथाचे मूळ बोहेमियात आहे. धर्मसुधारक यान हुस याला १४१५ मध्ये जिवंत जाळण्यात आले. त्याच्या अनुयायांतून १४५७ मध्ये बंधुसंघ निघाला आणि सतराव्या शतकातील छळात त्याची पांगापांग झाली. १७२२ मध्ये मोरेव्हियातील काही निर्वासितांना काउंट झिन्झेंडॉर्फने सॅक्सनीतील आपल्या जहागिरीत आसरा दिला. तेथे हेर्नहूट हे गाव उभे राहिले आणि पुढच्या वसाहतींना तोच नमुना मिळाला. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम १७४१ चे, उत्तर आयर्लंडमधील ग्रेसहिल १७५९ चे. डेन्मार्कचा राजा सातवा क्रिस्टियान याने १७६८ मध्ये नेदरलँड्समधील झाइस्ट येथील वसाहत पाहिली. तिथल्या कारागिरांचे कसब आणि उद्योगीपणा त्याला भावला. करसवलत आणि आपल्या पद्धतीने उपासना करण्याची मुभा देऊन त्याने बंधुसंघाला बोलावले. गावाला नाव त्याचेच आहे. राजाला उद्योग हवा होता आणि संघाला देवाचे गाव. दोघांचे हेतू वेगळे असले तरी विटा त्याच होत्या.

घराच्या तोंडावळ्यात खरी गोम आहे. दार मधोमध, दारापुढे दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर सारख्या मापाच्या खिडक्या, वर उतरते कौलारू छप्पर. परसबाग मागे, त्यामुळे घर थेट रस्त्याला भिडते. हे अठराव्या शतकातील अभिजात नगरगृहाचे रूप आहे. त्याच काळात युरोपातील शहरांमध्ये हीच शैली प्रतिष्ठा सांगण्यासाठी वापरली जात होती. खांब, त्रिकोणी शिखर आणि दारावरचे कुलचिन्ह पाहून घरधन्याचा दर्जा कळे. मोरेव्हियनांनी या शैलीतले प्रमाण घेतले, दर्जा टाकला. घर लहानमोठे असे, पण शेजाऱ्यावर कुरघोडी करणारी नक्षी त्यावर नसे. साधेपणाला ओबडधोबडपणाचे निमित्त मात्र त्यांनी कधी होऊ दिले नाही. वीटकाम नेटके आणि सुतारकाम चोख आहे, कारण चांगले काम हीसुद्धा उपासना मानली जाई.

कुटुंबाच्या घरांइतकीच मोठी जागा समूहगृहांना होती. संघ वय, लिंग आणि वैवाहिक स्थिती यांनुसार गटांत विभागलेला असे आणि अविवाहित बंधू, अविवाहित भगिनी व विधवा यांची घरे स्वतंत्र असत. स्त्रियांच्या पांढऱ्या टोपीची फीत गट सांगे: मुलींची लाल, अविवाहितांची गुलाबी, विवाहितांची निळी, विधवांची पांढरी. भगिनीगृहात बायका एकत्र राहत, काम करून स्वतःचा खर्च भागवत आणि आपल्या गटाचा कारभार आपणच पाहत. त्या शतकातील युरोपात लग्न न झालेल्या बाईला इतकी मानाची जागा क्वचितच मिळे. याची किंमतही होती. विवाह ठरवताना चिठ्ठ्या टाकून देवाचा कौल घेतला जाई. सर्वसाधारण सदस्यांवरील ही सक्ती १८१८ च्या धर्मसभेने उठवली.

उपासनेचे सभागृह १७७६-७७ चे. आत एकही खांब नाही, नक्षीदार वेदी नाही, उंच व्यासपीठ नाही. पांढऱ्या रंगाचे लांब बाक खोलीच्या रुंदीकडे तोंड करून मांडलेले आहेत. उपासना चालवणारा साध्या मेजाशी बसतो, त्यामुळे कोणी फार मागे पडत नाही. स्त्रिया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. लांबलचक प्रार्थनास्थळात देवाजवळचा आणि देवापासून लांबचा असा जो क्रम आपोआप तयार होतो, तो इथे खोली आडवी वापरून मोडला आहे.

हाच विचार स्मशानभूमीत, म्हणजे ‘देवाच्या शेतात’, टोकाला जातो. एकाच मापाचे आडवे दगड, त्यांवर नाव आणि जन्म-मृत्यूचे तपशील. दफन कुटुंबानुसार होत नाही. मृत्यू ज्या क्रमाने येईल त्या क्रमाने जागा मिळते, भगिनींची बाजू वेगळी आणि बंधूंची वेगळी. हेर्नहूटच्या मूळ स्मशानभूमीत मात्र झिन्झेंडॉर्फ घराण्याच्या मोठ्या, उंच चौथऱ्यांच्या कबरी मध्यभागी आहेत. समतेचा नमुना जिथे घडला, तिथेच जहागीरदाराचा मान शिल्लक राहिला.

याहून गंभीर विसंगती समुद्रापार होती. बंधुसंघाचे धर्मप्रसारक १७३२ मध्ये सेंट थॉमस या डॅनिश वसाहतीत गेले. त्यांनी गुलामांना बंधू-भगिनी मानून दीक्षा दिली आणि पुढे मिशननेच मळा व गुलाम विकत घेतले. उत्तर कॅरोलायनातील सेलम येथे सुरुवातीला काळे आणि गोरे सदस्य एकाच भूमीत पुरले जात. १८१६ मध्ये काळ्यांसाठी वेगळी जागा ठरवण्यात आली. सारख्या दगडांची रांग सगळ्यांना सामावून घेण्याइतकी लांब होती, पण माणसांनी ती तोडली. म्हणून वास्तू माणसाला समता शिकवते, हे विधान अर्धेच खरे आहे. वास्तू सवय लावते. त्या सवयीत कोणाला घ्यायचे, हे तिच्या बाहेर ठरते.

तरी सवयीचे मोल कमी नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच चौकात पाणी भरणाऱ्या आणि एकाच उंचीच्या बाकावर बसणाऱ्या माणसांच्या अंगात एक संयम मुरतो, आणि तो प्रवचनाने येत नाही.

क्रिस्टियान्सफेल्ड १८६४ च्या युद्धानंतर प्रशियाकडे गेले आणि १९२० मध्ये डेन्मार्ककडे परतले. दरम्यान समूहगृहांतील सामुदायिक जीवन ओसरले. पण गावाने आखणी मोडली नाही, आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. जुलै २०२४ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या अधिवेशनात हेर्नहूट, बेथलेहेम आणि ग्रेसहिल यांना त्याच्याशी जोडून चार गावांचा एकच वारसा मानण्यात आला. संरक्षण भिंतींना, खिडक्यांच्या मापांना आणि कौलांच्या रंगाला मिळते. सभागृहातील उपासना आणि ‘देवाच्या शेता’तील दफनाचा क्रम हे कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. ते चालू ठेवण्याचे काम तिथल्या मंडळीचेच आहे आणि ती मंडळी आजही तिथे आहे.